स्प्लिटर लावायच्या आधी डीबीचा हिशेब

स्प्लिटर म्हणजे एका इंटरनेट फायबरमधला उजेड अनेक घरांत वाटणारी डबी. त्याला वीज लागत नाही आणि त्यात जळण्यासारखं काहीच नसतं. तरी ग्राहकाच्या घरी लाल एलओएस (सिग्नल गेल्याची) लाईट लागली की पहिला संशय त्याच्यावरच जातो आणि खांबावर चढून नवा बसवला जातो. चढण्याआधी कागदावर पाच ओळींचा हिशेब मांडला, तर निम्म्या फेऱ्या वाचतात.

ओएलटीकडून, म्हणजे ऑपरेटरच्या टोकाच्या यंत्राकडून, १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड येतो. काचेच्या चिपमधल्या प्रत्येक फाट्यावर तो निम्मा होतो, म्हणजे ३ डीबी (उजेडाची घट मोजायचं माप) घटतो. एकाचे आठ करायला तीन फाटे लागतात, म्हणजे ९ डीबी. चिपचा स्वतःचा लॉस धरून १:८ ला १०.५ घ्या. १:२ ला ३.७, १:४ ला ७.२, १:१६ ला १३.७, १:३२ ला १७ आणि १:६४ ला २०.५. ओएनटीकडून, म्हणजे ग्राहकाच्या घरातल्या यंत्राकडून, परत येणाऱ्या १३१० च्या उजेडालाही तेवढाच लॉस बसतो. परतीला लॉस नसतो, हा समज चुकीचा आहे.

दुसरा समज त्याहून पक्का बसलेला असतो. शेजाऱ्याने मोटर बंद केली की आपल्या नळाची धार वाढते, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. स्प्लिटरचं तसं नाही. आठातले सहा पोर्ट रिकामे असले, तरी उरलेल्या दोघांना आठवा हिस्साच मिळतो. बाकीचा उजेड रिकाम्या तोंडांतून वाया जातो.

आता हिशेब. नवी पेठेतून जुळे सोलापूरकडे ६ किलोमीटर फायबर टाकलाय, चौकात १:४ आणि इमारतीत १:१६ असं धरू. फायबर किलोमीटरला ०.२५ प्रमाणे १.५, स्प्लिटर ७.२ आणि १३.७, सहा स्प्लाइस (फायबरचे जोड) ०.१ प्रमाणे ०.६, चार कनेक्टर ०.४ प्रमाणे १.६. एकूण २४.६ डीबी. ओएलटी प्लस ४ डीबीएम (उजेडाच्या ताकदीचं माप) देत असेल, तर ग्राहकाकडे मायनस २०.६ यायला हवेत. जीपॉनच्या (अशा फायबर नेटच्या पद्धतीच्या) बी प्लस मॉड्यूलला, म्हणजे ओएलटीतल्या उजेड टाकणाऱ्या भागाला, २८ डीबीपर्यंत चालतं, ओएनटी मायनस २७ पर्यंत धरतो. मीटरवर मायनस २४ दिसले तर नेट चालेल, पण ३.४ डीबी कुठेतरी गळताहेत. ते आजच शोधा, पावसाळ्यात शोधायला जास्त त्रास होतो. मीटर १४९० वरच ठेवा.

होटगी रोडसारख्या सरळ रस्त्यावर कपलरची, म्हणजे उजेड असमान वाटणाऱ्या स्प्लिटरची, माळ स्वस्त पडते. प्रत्येक खांबावर १०:९० चा कपलर, १० च्या बाजूला १:८ आणि ९० ची बाजू पुढे. १० कडे १०.५ डीबी जातात, ९० कडे ०.६. इथली नेहमीची चूक म्हणजे दोन वायरी उलट्या जोडणं. समजा पहिल्या खांबावर प्लस ४ येतात. वायरी बरोबर असतील तर तिथल्या ग्राहकाला मायनस १७ मिळतात. उलट्या झाल्या तर त्याच्याकडे मायनस ७ पोचतात आणि मायनस ८ च्या वर ओएनटीला उजेड डोईजड होतो. पुढच्या खांबावरचे ग्राहक मायनस २७.५ च्या खाली, म्हणजे तेही बंद. एकाला फार जास्त आणि पुढच्यांना फार कमी, असं दिसलं की कपलर बदलू नका, वायरींवरचं लेबल वाचा.

जोडणीत हिरवा कनेक्टर हिरव्यालाच, निळा निळ्यालाच. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं. निळ्याशी लावलं की मध्ये हवा राहते आणि ३ डीबी किंवा जास्त जातात. पूर्व भागात यंत्रमागांची तूस हवेत असते. टोपी काढून ठेवलेल्या कनेक्टरवर ती बसतेच. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लिंट नसलेल्या कापडाने एकाच दिशेने पुसा. शर्टाला पुसायची सवय मोडा. पीएलसी (काचेच्या चिपचा) स्प्लिटर ८५ अंश सोसतो, आपला मे महिना त्याला काहीच नाही. खांबावरच्या बॉक्सचं रबर मात्र तडकतं आणि जूनमध्ये पाणी आत जातं. केबल खालून आत घ्या, खाली लोंबता वळसा ठेवा. आतल्या फायबरचा वेटोळा ३ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको.

बिघाड शोधताना आधी किती घरं बंद आहेत ते विचारा. एकच असेल तर त्याचा पोर्ट शेजारच्या पोर्टाशी ताडून पाहा. १:८ च्या पोर्टांत १ डीबीपेक्षा जास्त फरक आला, तर कनेक्टर पुसा, ड्रॉप केबल (स्प्लिटरपासून घरापर्यंतची) तपासा. आठही बंद आणि इनपुटवर पॉवर नाही, तर स्प्लिटरच्या मागे, म्हणजे ओएलटीच्या बाजूला जा. पॉवर बरोबर असूनही सगळे लटपटत असतील, तर एखादा ओएनटी आपली पाळी सोडून सतत उजेड टाकत असू शकतो. एकेक पोर्ट काढत जा. ज्याला काढल्यावर बाकीचे सावरतात, तो बदला.

आणि सोलापूरच्या गड्डा यात्रेआधी मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांच्या मार्गावरची केबल उंच ओढून घ्या. नंतर तुटलेल्या ठिकाणी स्प्लाइस करत बसण्यापेक्षा ते बरं.