ट्रायल्स सायकलची फ्रेम आणि क्रँक कशी निवडावी

पाय जमिनीला न टेकवता दगड, कट्टे, पायऱ्या सायकलवरून पार करायच्या, हा ट्रायल्सचा खेळ. सगळं उभ्यानेच चालतं, म्हणून स्पर्धेच्या सायकलींना सीटसुद्धा नसते. त्यामुळे उंची सांगायची आणि दुकानदार दाखवेल ती फ्रेम उचलायची, हा नेहमीचा हिशेब इथे चालत नाही. इथे मिलिमीटरचे आकडे वाचावे लागतात आणि तेही क्रमाने: आधी जागा, मग चाक, मग फ्रेम, शेवटी क्रँक, म्हणजे पॅडल ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा.

१. जागा ठरवा

रोज कुठे खेळणार? ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, बहुतेकांच्या वाट्याला सोसायटीतले पार्किंगचे कठडे, मैदानाच्या पायऱ्या आणि बागेबाहेरचे कट्टेच येतात. वॉचमनशी आधी बोलून घ्या, पुढचं बरंच सोपं जातं. खरा दगड हवा असेल तर खारघर-बेलापूरच्या टेकड्यांवर काळा बेसाल्ट आहे, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, तेव्हा तिकडे फिरकू नका. ठाण्याचं येऊर मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मोडतं, ते या यादीत धरायचंच नाही.

२. चाक ठरवा

पर्याय तीन: २०, २४ आणि २६ इंच. आंतरराष्ट्रीय स्पर्धा २० आणि २६ इंची गटांत होतात. २४ इंची ही स्ट्रीट ट्रायल्सची, म्हणजे शहरातल्या कट्ट्या-पायऱ्यांवर खेळायची सायकल. स्कॉटलंडचा ट्रायल्सपटू डॅनी मॅकॅस्किल २००९ च्या गाजलेल्या व्हिडिओत चालवतो ती याच जातीची. २० इंची चपळ असते आणि लिफ्टमध्ये आरामात मावते. २६ इंची चाक दगडाच्या कडेवर लवकर चढतं, पण वळायला जागा मागतं. कट्टे आणि पायऱ्या हेच तुमचं मैदान असेल तर माझं मत २४ ला.

३. फ्रेमचे तीन आकडे

पहिला व्हीलबेस, म्हणजे पुढच्या एक्सलपासून (चाकाच्या मधल्या आसापासून) मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर. २० इंचीत तो साधारण १००० मिमी, २६ इंचीत १०७० ते ११०० मिमी. उंच माणसाला लांब व्हीलबेस बरा वाटतो.

दुसरा चेनस्टे, बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, फ्रेममध्ये क्रँक जिथे फिरतात तो भाग) मध्यापासून मागच्या एक्सलपर्यंत. २० इंचीत ३५० आणि २६ इंचीत ३८० मिमीच्या आसपास. तो आखूड असला की पुढचं चाक चटकन उचलतं. मात्र नवख्याला तीच फ्रेम पाठीवर पाडते.

तिसरा बीबी राइज. जाहिरातीतला फोटो बघून फ्रेम घेणारे नेमके इथे फसतात. दोन्ही एक्सलना जोडणाऱ्या रेषेपेक्षा बीबी किती वर आहे, ते हा आकडा सांगतो. सायकल भिंतीला सरळ टेकवा. जमिनीपासून मागच्या एक्सलचा मध्य मोजा, मग बीबीचा मध्य मोजा आणि वजाबाकी करा. साध्या सायकलींत बीबी बहुधा रेषेच्या खाली असतं. स्पर्धेच्या ट्रायल्स फ्रेममध्ये ते बरंच वर असतं, ६० मिमी किंवा त्याहूनही जास्त. अशा फ्रेमवर आपण सायकलच्या आत नाही, माथ्यावर उभे आहोत असं वाटतं. उड्या झटपट निघतात, पण जरा वजन हललं की तोल गेला. पहिली सायकल घेताना स्पर्धेची उंच बीबी घेऊ नका, विकणारा कितीही आग्रह करो. राइज कमी असला तर सायकल शांत राहते आणि जागच्या जागी उभं राहायला लवकर जमतं.

४. मग क्रँक

प्रचलित मापं अशी: २० इंचीला १६० ते १६५ मिमी, २४ ला १६५ ते १७०, २६ ला १७० ते १७५. ती का ठरली हे कळलं की निवड सोपी होते.

ट्रायल्समध्ये बहुतेक वेळ दोन्ही पॅडल आडव्या रेषेत ठेवून उभं राहायचं असतं. म्हणजे दोन पॅडलांमधलं पुढचं-मागचं अंतर क्रँकच्या दुप्पट: १६० ला ३२० मिमी, १७५ ला ३५०. आखूड फ्रेमवर लांब क्रँक लावली तर पाय फार फाकतात आणि गुडघा हँडलकडे येतो.

दुसरी गोष्ट जोराची. १६५ वरून १७५ वर गेलात तर त्याच दाबात सुमारे ६ टक्के जास्त जोर मिळतो. उलट, चेनच्या चकत्यांना १८ पुढे आणि १५ मागे असे दात असताना १७५ ऐवजी १६५ लावायची असेल तर मागे १६ दात करा, हिशेब जवळपास तिथेच येतो.

तिसरी गोष्ट जमिनीपासूनच्या अंतराची. २० इंची चाकाची त्रिज्या सुमारे २५० मिमी. राइज ६० असेल तर बीबी ३१० वर आणि १६० ची क्रँक खाली आली की पॅडलचा मध्य जमिनीपासून १५० मिमी वर. क्रँक जितकी लांब, तितकं पॅडल जमिनीच्या जवळ.

मेकॅनिकला आणखी एक आवर्जून सांगा. बहुतेक ट्रायल्स सायकलींत फ्रीव्हील (पॅडल थांबवलं तरी चाक फिरू देणारी दातेरी चकती) मागे नसतं, उजव्या क्रँकवरच चढवलेलं असतं. त्यासाठी क्रँकला खास आटे लागतात, त्यामुळे साध्या सायकलची क्रँक इथे लागत नाही. बीबीचा एक्सल चौकोनी आहे की दातेरी, तेही ऑर्डर देण्याआधी बघा.

५. जुनी घेत असाल तर

आपल्याकडच्या दुकानांत ही सायकल क्वचितच दिसते. नवी मागवायची तर स्पेन किंवा ब्रिटनमधून, वर कस्टम ड्युटी, म्हणून जुन्या मालाकडे ओढ असते. घेण्याआधी हेडट्यूबची (हँडलखालच्या नळीची) वेल्डिंग, बीबीभोवतालचा भाग आणि ड्रॉपआउट (मागचा एक्सल बसतो त्या खाचा) कापडाने कोरडे पुसा. शंका आली तिथे थोडं रॉकेल लावा, पाच मिनिटांनी पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. वरपर्यंत आलेली चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीत उमटतं आणि केसाएवढी ओली रेघ दिसते.

रेघ दिसली तर फ्रेम सोडा. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-महापेला ॲल्युमिनियम वेल्डिंग करून मिळेल, पण ६०६१ सारखा मिश्रधातू वेल्डिंगच्या उष्णतेने मऊ पडतो आणि नंतर हीट ट्रीटमेंट न केल्यास शेजारूनच पुन्हा तुटतो. मागच्या हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) रुंदीही मोजून घ्या: स्पर्धेच्या २० इंची फ्रेमला सहसा ११६ मिमीचा हब लागतो, २६ इंचीला १३५. ११६ चा हब बिघडला तर तोही बाहेरूनच मागवावा लागणार, तेवढे पैसे भाव करतानाच धरा.