कुणबीण की कुणब्याची बायको? मोडी कागदांत दासींच्या पिढ्या शोधताना

पेशवाईतल्या कागदांत दासीला आडनाव नसतं, बापाचं नावही बहुधा नसतं. 'बिन' (अमक्याचा मुलगा) आणि 'कोम' (अमक्याची बायको) या दोन शब्दांवर आपण एरवी वंशावळ जोडतो, तेच इथे गायब. म्हणून शोध धन्याच्या नावाने करायचा: कोणाचा वाडा, कोणता किल्ला, कोणती पागा.

सुरुवात इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहातल्या, गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेल्या सातारकर राजे आणि पेशव्यांच्या रोजनिशींपासून करा. उतारे बाळबोधीत (देवनागरीत) छापलेत, सोबत इंग्रजी सारांश आहे. जुन्या देवनागरी छपाईवर यांत्रिक शोध नीट चालत नाही, तेव्हा सारांशात 'स्लेव्ह' हा शब्द इंग्रजीत टाकून शोधा आणि मग मराठी उतारा वाचा. मराठीत शोधायचंच तर दासीसाठी कुणबीण, कुळंबीण, बटीक, बटकी, सगळी रूपं टाका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही.

खरी ठेच इथे लागते. 'कुणबीण' म्हणजे कुणब्याची बायको आणि दासीसुद्धा. सध्या सातारा-सांगलीत कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली जातायत, त्यात ही गल्लत सहज होते. एका शब्दावर थांबू नका, ओळ पुरती वाचा. पुढे किंमत, खरेदी, वय, पोटगी किंवा 'सोडून दिली' असेल तर ती दासी. बदअमलाच्या (व्यभिचाराच्या) आरोपावरून सरकारजमा केलेल्या बायकाही याच शब्दाने येतात.

तारीख अशी काढा. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे 5, 70, 100, 1000. हा शुहूर सन (मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना) 1175. त्यात 599 मिळवा: 1774. हे साल मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला 600 मिळवायचे.

इंग्रजी कागदांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आहे, नोंदणी फुकट. साताऱ्याच्या जुन्या स्पेलिंगात दोन 'टी' असतात, दोन्ही टाकून बघा. सांगली-मिरज ही संस्थानं, त्यांची प्रकरणं 'सदर्न मराठा कंट्री'खाली सापडतात.

गुलामगिरीविषयीच्या 1843 च्या पाचव्या कायद्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात कोर्ट धन्याचा दासीवरचा हक्क मानत नसे. सातारा खालसा झालं 1848 त. त्यापुढे 'बटीक' शोधत बसू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचं कोतवाल बुक, म्हणजे नमुना 14, मागा आणि त्याच वाड्याच्या आसपासची जन्म-मृत्यूची नावं उतरवून घ्या.