अमेरिकेतील नव्या सॉकर संघाचे बारसे कसे करावे

आपल्याकडे बारशाला बाळाचे नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो. अमेरिकेत नव्या व्यावसायिक सॉकर (म्हणजे आपल्या फुटबॉल) संघाचे नाव ठेवण्याचा मान आपलाच, अशी समजूत बहुतेक मालक करून घेतात आणि निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात. तिकडे लीग एखाद्या शहरातील गुंतवणूकदारांना संघाचा हक्क देते, ते त्यासाठी शुल्क भरतात, आणि पुष्कळदा एकही खेळाडू करारबद्ध होण्याआधी नाव, रंग आणि बोधचिन्ह जाहीर करून टोपी-जर्सींची विक्री सुरू होते. युरोपातील जुन्या क्लबांची नावे शंभर वर्षांच्या वापराने अंगवळणी पडली आहेत. अमेरिकेतील नाव मात्र पहिल्याच दिवशी लोकांच्या तोंडी बसावे लागते. म्हणून हे काम क्रमाने आणि सवडीने करावे.

पहिले काम : नावाचे घराणे ठरवावे

१९९६ साली मेजर लीग सॉकर या तिथल्या अव्वल लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हा दहा संघांपैकी बहुतेकांनी शहराच्या किंवा प्रांताच्या नावाला एक जोरकस शब्द जोडला होता : लॉस एंजेलिस गॅलेक्सी, कोलंबस क्रू, डॅलस बर्न, सॅन होजे क्लॅश, टँपा बे म्युटिनी. बेसबॉल आणि बास्केटबॉलच्या प्रेक्षकांना ओळखीचे वाटेल असे हे अमेरिकी घराणे होय. पुढे हवा पालटली. डॅलस बर्न २००५मध्ये एफसी (म्हणजे फुटबॉल क्लब) डॅलस झाला आणि त्याच वर्षी रेआल सॉल्ट लेक हा नवा संघ आला. युरोपीय धाटणी प्रतिष्ठेची ठरली. तिसरे घराणे मिश्र आहे : सॅक्रामेंटो रिपब्लिक एफसी या नावात १८४६च्या अल्पजीवी कॅलिफोर्निया प्रजासत्ताकाची आठवण आहे आणि शेपटीला एफसीही आहे.

नुसते शहराचे नाव आणि पुढे एफसी, हा मार्ग सर्वांत सुरक्षित आणि माझ्या मते सर्वांत आळशी आहे. तो शोभतो कुठे, तर ऑस्टिनसारख्या शहरात, जिथे दुसऱ्या कोणत्याही खेळाचा अव्वल दर्जाचा व्यावसायिक संघ नव्हता आणि म्हणून शहराचे नाव एकट्या सॉकर संघाला वापरायला मोकळे होते. जिथे अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल आणि बास्केटबॉलचे संघ आधीच शहराच्या नावावर हक्क सांगतात, तिथे एवढ्याने ओळख होत नाही.

दुसरे काम : शहराच्या तोंडचे शब्द गोळा करावेत

जाहिरात संस्थेकडे जाण्याआधी शहराच्या ग्रंथालयात जावे. जुनी वर्तमानपत्रे, नदी-डोंगरांची नावे, बंद पडलेले कारखाने, राज्याचे ब्रीदवाक्य आणि पूर्वी होऊन गेलेले संघ यांतून निदान पन्नास शब्दांची यादी करावी. पूर्वीच्या संघांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण बुडालेल्या संघाचे नाव त्याच्याबरोबर बुडतेच असे नाही. सिॲटल साउंडर्स आणि सॅन होजे अर्थक्वेक्स (म्हणजे भूकंप) ही नावे १९७४मधील, पोर्टलंड टिंबर्स १९७५मधील; मूळची लीग १९८०च्या दशकात संपली, नावे मात्र आजही चालू आहेत.

यादीतील शब्द मैदानावर काही करायला लावतो का, हे पाहावे. पोर्टलंडचा परिसर लाकूडतोडीच्या व्यवसायाचा. टिंबर्सने गोल केला की स्टँडपुढे ठेवलेल्या जाडजूड ओंडक्याची एक चकती यांत्रिक करवतीने कापली जाते, भुसा उडतो, गर्दी ओरडते, आणि सामन्यानंतर ती चकती गोल करणाऱ्या खेळाडूला दिली जाते. ‘टिंबर्स’ या शब्दातून हा सोहळा आपोआप निघतो. ‘पोर्टलंड एफसी’मधून तो निघाला नसता. विस्कॉन्सिन राज्याचे ब्रीद ‘फॉरवर्ड’ या एका शब्दाचे आहे, त्यावरून मॅडिसनच्या संघाने फॉरवर्ड मॅडिसन हे नाव घेतले. तो शब्द खेळातील आघाडीच्या खेळाडूलाही लागू पडतो, हा वरकड लाभ. इंडियानापोलिसच्या इंडी इलेव्हनमध्येही असाच श्लेष आहे : यादवी युद्धातील इंडियानाची अकरावी पलटण आणि मैदानावरचे अकरा खेळाडू.

संकटाचे नावही चालते, हे मराठी वाचकाला विचित्र वाटेल. किल्लारीच्या भूकंपाची आठवण असलेल्या आपल्या मनाला संघाचे नाव भूकंपावरून ठेवणे रुचणार नाही. शिकागोने मात्र १८७१च्या महाभयंकर आगीवरून संघाला ‘फायर’ म्हटले आणि त्या आगीच्या वर्धापनदिनीच, ८ ऑक्टोबर १९९७ रोजी, संघाची स्थापना केली. राखेतून शहर पुन्हा उभारल्याचा अभिमान तिथे आगीच्या दुःखापेक्षा मोठा आहे, म्हणून हे जमले. असा अभिमान शहरात खरोखर आहे का, हे बाहेरून आलेल्या मालकाने स्वतःच ठरवू नये.

तिसरे काम : प्रत्येक शब्द उलटा करून पाहावा

या कामात घाई केली तर काय होते, ते ह्यूस्टनकडून शिकावे. सॅन होजेचा संघ तिथे हलवण्यात आला आणि जानेवारी २००६मध्ये त्याचे नाव ‘ह्यूस्टन १८३६’ असे जाहीर झाले. जर्मनीत क्लबच्या नावात स्थापनेचे साल घालण्याची रीत आहे, हॅनोव्हर ९६ हे तिचे उदाहरण. तीच रीत इथे उचलली होती, आणि ह्यूस्टन शहराची स्थापना १८३६चीच असल्यामुळे मालकांना त्यात काही वावगे दिसले नाही. परंतु त्याच वर्षी टेक्सासने मेक्सिकोविरुद्ध लढून स्वातंत्र्य मिळवले होते, आणि बोधचिन्हावर घोड्यावर बसलेल्या सॅम ह्यूस्टनची, म्हणजे त्या लढाईतील सेनापतीची, आकृती होती. मेक्सिकन वंशाचे रहिवासी हा तर त्या शहरातील सॉकरचा हक्काचा प्रेक्षक. आपल्या पूर्वजांच्या पराभवाचे साल छातीवर मिरवा, असे त्यांना तिकीट विकतानाच सांगितल्यासारखे झाले. विरोध उठला आणि मार्चमध्ये नाव बदलून ‘ह्यूस्टन डायनॅमो’ करण्यात आले. ऊर्जा-उद्योगाच्या त्या शहराला ते शोभले, आणि संघाने २००६ व २००७ अशी लागोपाठ दोन वर्षे विजेतेपदही पटकावले.

यात एक गंमत आहे. ‘डायनॅमो’ हा शब्द क्लबांच्या जगात आला तो सोव्हिएत काळातून, आणि मॉस्कोच्या मूळ डायनॅमोचा संबंध तिथल्या गुप्त पोलिसांशी होता. शब्द पूर्णपणे निष्पाप मिळत नाही. ज्यांच्यासमोर तो उच्चारायचा, त्यांना तो बोचतो का, एवढेच तपासता येते. त्यासाठी शहरातील निरनिराळ्या समाजांतील दहा-पंधरा माणसांना बोलावून प्रत्येक शब्दाविषयी एकच प्रश्न विचारावा : हा ऐकून तुमच्या आजीला काय आठवेल?

चौथे काम : उसन्या बिरुदांचा अर्थ पाहावा

‘रेआल’ म्हणजे राजेशाही. माद्रिदच्या क्लबला ते बिरुद १९२० साली स्पेनचा राजा तेरावा अल्फोन्सो याने दिले. यूटा राज्याला राजा नाही, तरी सॉल्ट लेकच्या संघाने ते लावले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी थट्टा होणे स्वाभाविक होते. ‘युनायटेड’ इंग्लंडमध्ये पुष्कळदा दोन क्लबांच्या एकत्र येण्याची खूण असते. अमेरिकेत अटलांटा युनायटेडच्या मागे तसे काही एकत्रीकरण नाही. वॉशिंग्टनच्या डी. सी. युनायटेडला निदान देशाच्या नावाचा आधार आहे. या बिरुदांना माझा सरसकट विरोध नाही. लुईव्हिलच्या महिला संघासाठी आधी ‘प्रूफ’ हे मद्याची तीव्रता सांगणारे नाव जाहीर झाले होते. ते मागे घेऊन २०२०मध्ये ‘रेसिंग लुईव्हिल’ ठेवले गेले. रेसिंग हा शब्द परदेशी क्लबांचा असला तरी केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीच्या गावात तो घोड्यांच्या टापांसकट येतो, म्हणून तो उसना वाटत नाही.

दुसऱ्या क्लबचे संपूर्ण नाव घेणे मात्र टाळावे. मेक्सिकोतील ग्वादालाहाराच्या चिवास क्लबची अमेरिकी शाखा म्हणून २००५मध्ये आलेला चिवास यूएसए लॉस एंजेलिसमध्ये २०१४ साली बंद पडला. प्रायोजकाचे नाव हा वेगळा विषय आहे. मेट्रोस्टार्सचे २००६मध्ये न्यूयॉर्क रेड बुल्स झाले, तेव्हा तिकडे नाके मुरडली गेली; गोव्यात धेंपो आणि साळगावकर ही उद्योगघराण्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या मैदानावर घुमली आहेत.

पाचवे काम : ओरडून पाहावे, मग वकिलाला दाखवावे

उरलेली पाच-सात नावे घेऊन मोकळ्या मैदानात जावे. दहा जणांनी एका टोकाला उभे राहून शहराचे नाव ओरडावे, दहा जणांनी दुसऱ्या टोकाहून संघाचे नाव परत फेकावे. दोन किंवा तीन उच्चारखंडांचा शब्द, शेवटी मोकळा स्वर किंवा घोळवता येणारे व्यंजन, हे गर्दीच्या सोयीचे असते. स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाकडून तेच नाव म्हणवून घ्यावे. धावफलकावर त्याचे तीन अक्षरी रूप कसे दिसते आणि त्याच रूपाने दुसरा संघ ओळखला जात नाही ना, हेही पाहून घ्यावे.

त्यानंतर व्यापारचिन्हाचा शोध. खेळाचे सामने आणि कपडे हे दोन वर्ग तरी तपासावेच लागतात, कारण संघाचे नाव तिकिटाइतकेच टी-शर्टवरही विकले जाते. कॅन्सस सिटीचा संघ १९९६मध्ये ‘विझ’ या नावाने उतरला. त्याच नावाच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानसाखळीने हरकत घेतली आणि पुढच्याच वर्षी त्याला ‘विझर्ड्‌स’ व्हावे लागले. इंटर मायामीने २०१८मध्ये नाव जाहीर केले, तेव्हा मिलानच्या इंटरने ‘इंटर’ या शब्दावर अमेरिकेत आधीच दावा दाखल केलेला होता, आणि प्रकरण पेटंट व व्यापारचिन्ह कार्यालयापर्यंत गेले. छोट्या स्थानिक मंडळांची नावेही धुंडाळावीत. क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाने २०२१मध्ये ‘गार्डियन्स’ हे नाव घेतले, तेव्हा त्याच शहरातील त्याच नावाच्या रोलर डर्बी (चाकांच्या बुटांवरचा खेळ) संघाने त्याला न्यायालयात खेचले होते.

सहावे काम : मत विचारावे, पण जागा मोकळी सोडावी

सिॲटलने २००८मध्ये जनमत घेतले. मतपत्रिकेवर सिॲटल एफसी, सिॲटल रिपब्लिक आणि सिॲटल अलायन्स अशी तीन नावे होती. साउंडर्स त्यांत नव्हते. चाहत्यांनी आरडाओरडा केल्यावर आपल्या पसंतीचे नाव लिहिण्यासाठी चौथी जागा ठेवली गेली, आणि जवळपास निम्म्या मतदारांनी तिथे ‘साउंडर्स’ लिहिले. मालकांनी ते मान्य केले, हा त्यांचा शहाणपणा. मतदान घ्यायचे तर कोरी ओळ हवीच. अन्यथा तीन नावडत्या नावांतून कमी नावडते कोणते, एवढेच उत्तर हाती येते.

सातवे काम : जाहीर करताना वेळ हाताशी ठेवावा

मराठीत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचे अंतर आहे, आणि घोषणेच्या दिवशी ते ओलांडायला फार वेळ लागत नाही. कोलंबसच्या चाहत्यांनी २०१८मध्ये आपला संघ ऑस्टिनला जाण्यापासून वाचवला होता. मे २०२१मध्ये त्याच संघाच्या नावातून ‘क्रू’ हा मुख्य शब्द काढून ‘कोलंबस एससी’ करण्याचे जाहीर झाले, तेव्हा आठवडाभरात व्यवस्थापनाला माघार घ्यावी लागली. बॉस्टनच्या महिला संघाने ऑक्टोबर २०२४मध्ये ‘बॉस नेशन’ हे नाव आणले. इंग्रजीत ‘बोस्टोनियन’ची अक्षरे उलटसुलट मांडली की ते तयार होते, पण मैदानावर कोणी अक्षरे जुळवत बसत नाही. त्यात सोबतच्या जाहिरातीत पुरुषांच्या अवयवावरची द्व्यर्थी कोटी होती, तिच्याबद्दल संघाला लगेच माफी मागावी लागली. मार्च २०२५मध्ये नाव बदलून ‘बॉस्टन लेगसी’ झाले. संघ २०२६च्या हंगामात उतरायचा होता, म्हणूनच हा बदल निभावला. तेव्हा नावाची घोषणा पहिल्या सामन्याच्या निदान वर्षभर आधी करावी, आणि पहिल्या महिन्यात जर्सी थोड्याच छापाव्यात.