पोट्टं खातं खूप, काटा हलत नाही: वजन वाढवताना या चुका टाळा

कापूस मोजायचा वजनकाटा लागला की मालाआधी आमची पोट्टीच त्यावर चढून पाहतात. मी गावात कबड्डीची आणि पोलीस भरतीची पोरं घेतो, त्यामुळे काट्यावरचा हा प्रश्न मला पाठ आहे : "सर, भाकरीवर भाकरी खातो, तरी छप्पन किलोच्या वर काटा जातच नाई. काऊन?"

मी वही काढायला लावतो. तीन दिवस तोंडात जाईल ते सगळं लिहायचं, वेळेसकट. बहुतेकांची वही सारखीच निघते. पहाटे पाचला चहा-टोस्ट, मग पळणं, अकराला भाकरी, भाजी आणि तुरीचं वरण, नंतर थेट रात्री नऊला जेवण. मधल्या दहा तासांत कॉलेज, एसटीची वाट आणि संध्याकाळचा सराव. दोन्ही जेवणं भरपेट असतात, म्हणून पोराला वाटतं आपण खूप खातो.

मधल्या वेळेला नुसता चहा

वजन वाढवायला रोजच्या गरजेपेक्षा 300 ते 500 कॅलरी जास्त लागतात. त्या जेवणात कोंबू नका, मधल्या वेळेत घाला. मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे साधारण 170 कॅलरी देतात, दोन केळी 200 आणि म्हशीच्या दुधाचा पेला 200च्या वर. झाला हिशेब, तोही घरातल्या वस्तूंत. शेंगदाणे-गूळ खिशात मावतो आणि एसटीत बसून खाता येतो. उन्हाळ्यात घरोघरी होणारं सातूचं पीठ दूध-गुळात कालवून घेतलं तर चावायचा कंटाळाही येत नाही. भूक मेलेली असते तेव्हा पिण्याजोगं अन्न सोपं जातं. मात्र दुधाऐवजी ताक पिऊन वजन वाढेल अशी आशा नको, त्यात बहुतांश पाणीच असतं.

जेवणाच्या तोंडावरचा चहा भूक मारतो आणि अन्नातलं लोहही नीट अंगी लागू देत नाही. तो तासभर पुढेमागे ढकला.

आलूबोंड्याचं वजन

चौकातला आलूबोंडा, कचोरी यांत कॅलरी आहेत, पण स्नायू बांधायला लागणारी प्रथिनं फार थोडी. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे रोज 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. 55 किलोच्या पोराला 88 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम, 50 ग्रॅम फुटाण्यांत 10, तर 50 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत 25 ग्रॅम मिळतात. तर्री-पोहे सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी ऐकतो कोण! तर्रीतले चणे तेवढे जास्त मागून घ्या.

सोयाबीन आपल्याच वावरातलं, म्हणून काही पोरं ते नुसतं भिजवून कच्चं खातात आणि दिवसभर पोट धरून बसतात. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनांचं पचन अडवतात. नीट शिजवूनच खा.

दोनशे बैठका आणि रोज पळणं

खाणं सुधारूनही अंग भरत नसेल तर व्यायाम तपासा. रोज आठ किलोमीटर पळून वर दोनशे बैठका मारल्या तर दम वाढतो, मांड्या वाढतीलच असं नाही. स्नायूला भार लागतो आणि तो हळूहळू वाढावा लागतो. आमच्याकडे जिम नाही, चुंगड्या म्हणजे पोती आहेत. खताच्या रिकाम्या चुंगडीत 20 किलो रेती भरा, तोंड घट्ट बांधा, छातीशी कवटाळून बैठका मारा. आठ-दहा झाल्यावर आणखी दोन-तीनच निघतील इतपत भार हवा. सलग बारा सहज निघू लागल्या की दोन किलो रेती वाढवा. उचलताना कंबर वाकवू नका, गुडघ्यांतून उठा. जोर मारताना पाय ओट्यावर ठेवा, कडुलिंबाच्या फांदीला लटकून अंग वर ओढा. दोन फेऱ्यांत दोन मिनिटं थांबा. आठवड्यात तीन दिवस पुरे, मधले दिवस मोकळे ठेवा. स्नायू भरतो तो विश्रांतीत, आणि आमची पोट्टी रात्री बारापर्यंत मोबाइलवर असतात.

घाई

आठवड्याला पाव ते अर्धा किलो, एवढाच वेग धरा. भरतीत 1600 मीटरला 20 गुण, 100 मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी 15. गोळ्यासाठी वाढवलेलं वजन पळण्याचे गुण खाऊन बसलं तर काय मिळवलं? पोट सुटतंय आणि पळण्याची वेळ बिघडतेय असं दिसलं की एक खाणं कमी करा. दोन आठवडे काटा हलला नाही तर एक वाढवा. वजन पहाटे, संडासला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर करा. मे महिन्यात सरावानंतर किलोभर उतरलेलं दिसतं ते घामाचं पाणी असतं. ते पिऊन भरून काढा, त्यावरून रडू नका.

माझ्या एका खेळाडूने कुणीतरी दिलेल्या "भूक लागायच्या गोळ्या" घेतल्या. महिन्यात चार किलो वाढला, चेहरा भाकरीसारखा गोल झाला, गोळ्या सुटल्या तसं वजनही गेलं. अशा पुड्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं. त्यानं अंगात पाणी साठतं, साखर वाढते, आणि स्पर्धेत उत्तेजक चाचणी झाली तर बंदीही येते.

सगळं करूनही वाढत नसेल तर

दीड-दोन महिने वही नीट लिहूनही काटा जागचा हलत नसेल, लवकर दम लागत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जंत, हिमोग्लोबिन, थायरॉइड हे तपासून घ्या. खोकला लांबला असेल तर क्षयासाठी थुंकीही तपासा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, त्यामुळे ती तपासणी टाळू नका. नुसता वाहक असलेला खेळाडू धडधाकट दिसतो, पण उन्हात पाणी न पिता जीव तोडून पळाला तर जिवावर बेतू शकतं. आमच्या मैदानावर आता नवीन पोरगा आला की आधी त्याचा रिपोर्ट पाहतो, चुंगडी नंतर देतो.