परिवहनप्रेमी मंडळाच्या वर्धापन संमेलनाचे दोन दिवस कसे आखावेत

विद्यापीठातल्या बस-रेल्वेप्रेमी मंडळाला पंचवीस-तीस वर्षे पूर्ण होत आली की माजी सभासदांचा मेळावा भरवण्याची कल्पना कुणीतरी मांडतोच, आणि मग पहिल्याच बैठकीत सभागृह, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ आणि जेवणाचा कंत्राटदार यांवर चर्चा सुरू होते. माझ्या मते अशा मंडळाने इथेच थांबून वेगळा विचार करावा. ही माणसे एकमेकांना भेटली ती गाडीच्या खिडकीशी, आगाराच्या फाटकाशी आणि फलाटाच्या टोकाला. म्हणून संमेलनाचा मुख्य भाग प्रत्यक्ष धावणाऱ्या गाड्यांवरच बेतावा आणि सभागृह फक्त एका संध्याकाळपुरते ठेवावे. पुढील आखणी मुंबईतल्या मंडळाला समोर ठेवून केली आहे. पुणे किंवा नागपूरच्या मंडळींनी तिथल्या गाड्यांप्रमाणे तीत फेरफार करावेत.

सर्वांत आधी वर्धापनाचे वर्ष कागदावर पक्के करावे. स्थापनेबद्दल प्रत्येक तुकडीची आठवण निराळी असते आणि प्रत्येकाला मंडळ आपल्या वर्षी खऱ्या अर्थाने सुरू झाले असे वाटत असते, तेव्हा महाविद्यालयाचा वार्षिकांक, वर्गणीच्या पावत्या किंवा पहिल्या सहलीचे परवानगीपत्र यांपैकी जे हाती लागेल ते प्रमाण मानावे. त्यानंतर तारीख. १ जूनचा मोह अनेकांना होतो आणि तो समजण्यासारखा आहे, कारण १९३० साली डेक्कन क्वीन याच तारखेला सुरू झाली आणि १९४८ साली एसटीची पहिली बस पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, अशी याच तारखेला धावली. परंतु त्या सुमारास उन्हाळी सुट्टीची गर्दी ओसरलेली नसते, उकाडा असह्य असतो आणि पाऊस केव्हाही गाठू शकतो. बेस्टच्या बससेवेचा आरंभ १५ जुलै १९२६ चा, म्हणजे तीही तारीख भर पावसाळ्यातली. गणपतीत एसटीच्या गाड्या कोकणाकडे वळवलेल्या असतात, दिवाळीत आरक्षण मिळत नाही आणि मार्च-एप्रिलमध्ये विद्यमान विद्यार्थी परीक्षेत अडकलेले असतात. उरतो तो जानेवारी-फेब्रुवारीचा काळ. परदेशातून सुट्टीवर आलेले सभासद जानेवारीच्या पूर्वार्धात भेटू शकतात. निमित्तच हवे असेल तर व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली होती, त्याच्या आसपासचा शनिवार-रविवार घ्यावा. जोडून सुट्ट्या आलेला आठवडा मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्या दिवसांत घाटातला रस्ता आणि पुण्याकडच्या गाड्या दोन्ही तुंबलेल्या असतात.

शनिवार-रविवार धरला की मुंबईत एक अडचण हमखास येते, ती म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. देखभालीसाठी साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत उपनगरी मार्गांचे काही टप्पे बंद असतात किंवा धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या जातात, आणि कोणता टप्पा हे एक-दोन दिवस आधीच जाहीर होते. लोकलचा प्रवास, डब्यांच्या जुन्या-नव्या बनावटींची तुलना, दादरच्या पुलावरून गाड्या टिपणे असे सारे शनिवारीच उरकावे, आणि रविवारी एक तर पहाटे निघून ब्लॉक सुरू होण्याआधी मुंबई सोडावी किंवा तो दिवस पूर्णपणे बसला द्यावा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधील वारसा संग्रहालय आणि बेस्टच्या आणिक आगारातील संग्रहालय या दोन्ही जागा कार्यक्रमात असाव्यात, पण त्यांचे उघडे राहण्याचे वार आणि वेळा त्याच आठवड्यात दूरध्वनी करून तपासाव्यात. टर्मिनसमधील संग्रहालय कामकाजाच्या दिवशी दुपारी थोडाच वेळ पाहता येते, असा आजवरचा प्रघात आहे; म्हणून बाहेरगावाहून शुक्रवारीच पोहोचणाऱ्यांसाठी ती भेट ठेवणे सोयीचे.

शनिवारच्या फेरीसाठी संपूर्ण बस भाड्याने घ्यावी. एसटीत याला प्रासंगिक करार म्हणतात. लग्नाच्या वऱ्हाडापासून शाळेच्या सहलीपर्यंत सगळ्यांना गाडी याच पद्धतीने मिळते. त्यासाठी आगार व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज द्यावा लागतो, भाडे किलोमीटरवर बसते, त्याला किमान मर्यादा असते, आणि गाडी थांबवून ठेवण्याच्या वेळेचाही हिशेब होतो. मंडळी छायाचित्रासाठी जिथे तिथे उतरणार हे गृहीत धरून थांब्यांचा वेळ आधीच अर्जात दाखवावा, नाहीतर संध्याकाळी वाढीव आकारणीवरून चालक-वाहकांशी हुज्जत घालण्याची पाळी येते. ठराविक बनावटीची गाडी हवी असल्यास नम्रपणे विनंती करावी. हक्क सांगू नये, कारण आदल्या रात्री जी गाडी तंदुरुस्त असेल तीच मिळणार.

गाडीवर मंडळाच्या नावाचा फलक लावण्याची हौस सर्वांना असते. पत्र्यावर रंगाने रंगवलेली पाटी एखाद्या जुन्या पेंटरकडून करून घ्यावी. संगणकावर छापलेल्या चिकटपट्टीला ती ऐट येत नाही. पण पाटीवर खराखुरा मार्गक्रमांक आणि गावाचे नाव घालण्याआधी दोनदा विचार करावा. रस्त्यावर तशी पाटी दिसली की थांब्यावरची माणसे हात दाखवतात, एखाद्या आजी पिशव्या उचलून पुढे येतात, आणि रिकाम्या जागा दिसत असूनही गाडी थांबत नाही म्हणून वाहकाला बोल ऐकावे लागतात. फलकावर ‘राखीव’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असावा आणि जुन्या मार्गाचे नाव, आगाराची परवानगी घेऊन, फक्त गाडी उभी असताना छायाचित्रापुरते लावावे.

आगारभेटीचा अर्ज किमान महिनाभर आधी, विद्यापीठाच्या पत्रावर, येणाऱ्यांची नावे, वेळ आणि कॅमेऱ्यांचा स्पष्ट उल्लेख करून द्यावा. बेस्टच्या बाबतीत जनसंपर्क विभाग आणि रेल्वेच्या बाबतीत विभागीय जनसंपर्क कार्यालय ही योग्य दारे आहेत. आगारात ओळखीचे कुणी असले तरी लेखी परवानगी घ्यावीच, कारण गैरसोय झाल्यास त्या ओळखीच्या माणसाची नोकरी पणाला लागते. भेटीची वेळ दुपारची मागावी. सकाळ-संध्याकाळ गाड्या बाहेर काढण्याची किंवा आत घेण्याची धांदल असते, तर दुपारी गर्दीच्या वेळांमधल्या फटीत काही गाड्या आगारात उभ्या असतात आणि दाखवणाऱ्यालाही थोडी उसंत असते. ड्रोनचे नावही काढू नये. रुळांवर उतरणे रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली आणि पायरीवर उभे राहून प्रवास करणे कलम १५६ खाली गुन्हा आहे, हे पन्नाशीतल्या सभासदांना सांगणे विचित्र वाटले तरी निमंत्रणपत्रात स्वच्छ छापावे. जुने मित्र भेटले की माणूस एकदम विसाव्या वर्षी जसा वागत होता तसा वागू लागतो.

उपनगरी प्रवासासाठी प्रत्येक वेळी तिकीट काढत बसण्याऐवजी रेल्वेचे एक दिवसाचे पर्यटक तिकीट आणि बेस्टचा दैनंदिन पास घ्यावा. वातानुकूलित लोकलचे भाडे वेगळे असते, तेव्हा तिकीट कोणत्या डब्याला चालते याची खात्री आधीच करून घ्यावी. लोकलमध्ये सर्वांनी एकाच डब्यात चढण्याचा हट्ट धरू नये; दहा-बारा जणांचे गट करावेत, प्रत्येक गटाला एक विद्यमान विद्यार्थी द्यावा आणि त्याने सर्वांत शेवटी चढावे व उतरावे. राहण्याची सोय शक्यतो दादर परिसरात असावी, म्हणजे मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग हाताशी राहतात. गुडघे दुखणाऱ्या सभासदांसाठी कोणत्या स्थानकावर उद्वाहक किंवा सरकता जिना चालू आहे हे विद्यार्थ्यांनी आदल्या आठवड्यात प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

वेळापत्रक रेल्वेच्याच पद्धतीने लिहावे, म्हणजे प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस थोडी मोकळी मिनिटे राखून. परिवहनप्रेमींचा मेळावा वेळेवर चालेल असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात जुना सभासद समोरून येणारी नवी गाडी दिसल्यावर हमखास तिथेच रेंगाळतो.

रविवारी मुंबईबाहेर जायचे ठरल्यास बोरघाटासारखा दुसरा मार्ग नाही. हा घाट १८६३ साली रेल्वेला खुला झाला. तिथला चढ १ः३७, म्हणजे दर ३७ मीटरमागे एक मीटर, आहे, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जोर देणारी बँकर इंजिने लागतात. गाडी कर्जतला थांबली की निम्मी मंडळी इंजिने जोडली जाताना पाहायला मागच्या टोकाकडे आणि निम्मी वडापावकडे धावणार, हे ठरलेले. गटप्रमुखाने परतण्याची वेळ आधीच बजावून ठेवावी. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि एका अर्जावर सहाच प्रवाशांची नावे बसतात. त्यामुळे मोठ्या गटाने आरक्षण पर्यवेक्षकांकडे आधीच पत्र द्यावे किंवा जागा खुल्या होण्याच्या सकाळी कोणी किती अर्ज भरायचे हे वाटून घ्यावे. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचाही पर्याय सुचवला जातो. १९०७ सालची ही गाडी पाहण्यासारखी आहे यात शंका नाही. मात्र तिच्या जागा मर्यादित असतात आणि पावसाळ्यात नेरळपासूनची सेवा बंद राहते, म्हणून मोठ्या गटासाठी मी ती सुचवणार नाही.

आता शनिवारच्या संध्याकाळकडे वळू, कारण संमेलनाचे खरे मोल इथे हाती लागते. सभासदांच्या घरी खोक्यांमधून पडलेली जुनी छायाचित्रे आधीच मागवून घ्यावीत, मोठ्या आकारात छापावीत, प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि लांब टेबलांवर मांडून प्रत्येक छायाचित्राखाली एक कोरा कागद व पेन्सिल ठेवावी. मार्गक्रमांक, ठिकाण, वर्ष, आगार आणि छायाचित्र कोणी काढले, एवढेच पाच प्रश्न कागदावर असावेत. मतभेद झाल्यास खोडाखोड न करता दुसरे मत खाली लिहावे. टेबलाभोवतीचे वाद हीच त्या संध्याकाळची करमणूक असते.

वर्ष ठरवण्यासाठी काही खुणा विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात. गाडीच्या क्रमांकात ‘एमएच’ असेल तर छायाचित्र १९८९ नंतरचे. एसटीच्या गाडीवर एमएच-२० पाहून ती औरंगाबाद विभागाची असे नवखे लोक लिहून मोकळे होतात, पण तो क्रमांक सहसा चिकलठाण्याच्या कार्यशाळेत बांधणी झाल्याचे सांगतो, गाडी कोणत्या आगाराची आहे ते नव्हे; त्याच न्यायाने एमएच-१२ किंवा एमएच-१४ दापोडीकडे आणि एमएच-३१ किंवा एमएच-४० नागपूरजवळच्या हिंगण्याकडे बोट दाखवतात. आगाराचे नाव हवे असेल तर भिंग घेऊन गाडीच्या अंगावर रंगवलेली अक्षरे वाचावीत. स्थानकाच्या पाटीवर एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचे प्रभादेवी, असेल तर छायाचित्र जुलै २०१८ पूर्वीचे. डीसी विजेवर धावणारी लोकल हार्बर मार्गावर दिसली तर ते एप्रिल २०१६ पूर्वीचे, कारण त्या महिन्यात तो मार्गही २५ हजार व्होल्टच्या एसी प्रवाहावर गेला. आणि बेस्टची जुनी डिझेलवरची लाल दुमजली बस अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे निघालेली दिसली, तर १५ सप्टेंबर २०२३ ही त्या छायाचित्राची अखेरची शक्य तारीख. त्या दिवशी ४१५ क्रमांकाच्या मार्गावर ती शेवटची धावली.

या संध्याकाळी निवृत्त चालक, वाहक, वेळपालक किंवा मोटरमन यांना बोलवावे आणि प्रमुख पाहुण्यांच्या आधी बोलू द्यावे. त्यांना नुसते शाल-श्रीफळ देऊन बोळवू नये. घरून आणण्या-पोहोचवण्यासाठी वाहन आणि यथाशक्ती मानधन द्यावे. त्यांना भाषण करायला लावण्यापेक्षा तिकिटांचे ठोकळे ठेवायची पेटी आणि पंच हातात देऊन समोर एक छायाचित्र ठेवावे, म्हणजे ते आपोआप बोलू लागतात. त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रण करावे. जुन्या तिकिटांचे आणि वेळापत्रकांचे प्रदर्शन जरूर मांडावे, पण आगारातून कधीकाळी ‘सापडलेल्या’ पाट्या कुणी आणल्यास त्या टेबलावर न ठेवणेच शहाणपणाचे. समोर बसलेले निवृत्त कर्मचारी त्या ओळखतात.

सभासदांचे जोडीदार आणि मुले यांचाही विचार व्हावा. लोकल सीमेन्सची की बंबार्डियरची यावर तासभर चाललेला वाद ऐकण्याचे त्यांच्यावर बंधन नाही. शनिवारी सकाळी त्यांच्यासाठी वातानुकूलित दुमजली बसमधून दक्षिण मुंबईची फेरी किंवा फोर्टमधील पायी फेरफटका ठेवला तर संध्याकाळी तीही मंडळी उत्साहाने येतात.

वर्गणी सरसकट सारखी नसावी. विद्यमान विद्यार्थ्यांकडून काहीच घेऊ नये, नुकत्याच नोकरीला लागलेल्यांकडून थोडी आणि जुन्या तुकड्यांकडून जास्त घ्यावी. पैसे कुणा एकाच्या खात्यावर न घेता मंडळाच्या किंवा महाविद्यालयाच्या खात्यावर जमा करावेत. बसची अनामत, आरक्षण आणि छपाई हे खर्च आधी करावे लागतात, तर जेवणाचे बिल शेवटी येते. त्यानुसार वर्गणीची अंतिम मुदत दोन महिने आधीची ठेवावी.

संमेलन झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च सर्वांना कळवावा, अनामत परत घ्यावी आणि उरलेली रक्कम छायाचित्रांच्या स्कॅनिंगसाठी राखावी. टेबलावरच्या कागदांवरील नोंदी छायाचित्रांच्या क्रमांकांशी जोडून एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक मंडळाकडे ठेवावी. छायाचित्र वापरण्याची मुभा काढणाऱ्याने कितपत दिली आहे हेही त्यात नोंदवावे. आगाराला आभारपत्र पाठवताना बसच्या चालक-वाहकांचे गाडीसोबत काढलेले छायाचित्र प्रत्येकाच्या नावाने, वेगवेगळ्या पाकिटांत घालून द्यावे.