ऑस्ट्रेलियात कॅरॅव्हॅन ओढायला डिझेल फोर व्हील ड्राइव्ह घेताय? आधी वजनाचं गणित करा

मेलबर्न, सिडनी, पर्थकडे राहणाऱ्या आपल्या लोकांमध्ये आता कॅरॅव्हॅन घेणारे बरेच दिसायला लागलेत, आणि बहुतेक जण सुरुवात गाडीपासून करतात, म्हणजे आधी शोरूममध्ये जाऊन मोठी डिझेल एसयूव्ही बुक करायची आणि मग तिच्यामागे काय लावता येईल ते बघायचं. माझं कळकळीचं सांगणं आहे, हे उलटं करा. आधी कॅरॅव्हॅन कुठली ते ठरवा, ती भरल्यावर किती किलोची होणार ते काढा, घरातली माणसं मोजा, आणि मग गाडी बघायला जा. कारण जाहिरातीतला ३.५ टन ओढायचा आकडा तुमची पोरं, आजी-आजोबा, बॅगा, बुलबार (पुढच्या बंपरवरचा लोखंडी गार्ड) असं सगळं धरून दिलेला आहे असं समजू नका, बऱ्याच गाड्यांमध्ये एवढं सगळं आणि ३.५ टन दोन्ही एकत्र बसतच नाही.

कॅरॅव्हॅनच्या प्लेटवर दोन आकडे बघायचे, टेअर आणि एटीएम. टेअर म्हणजे कंपनीतून बाहेर पडतानाची रिकामी व्हॅन. एटीएम म्हणजे पूर्ण भरलेली व्हॅन गाडीपासून सोडवून उभी केली तर जास्तीत जास्त किती वजन चालेल ते. विकणारा माणूस टेअर सांगतो, तुम्ही एटीएम धरा. बंक बेडवाली २०-२२ फुटी फॅमिली व्हॅन घेतली तर टेअर अडीच टनाच्या आसपास आणि एटीएम २.८ ते ३.२ टन असं साधारण असतं, आणि मधले तीन-चारशे किलो बघता बघता संपतात. ९५ लिटरच्या दोन पाण्याच्या टाक्या भरल्या की १९० किलो तिथेच गेले. मग दोन गॅस सिलिंडर, खुर्च्या, सायकली, अ‍ॅनेक्स (व्हॅनला बाहेरून जोडायचा तंबू), आणि आपला तांदूळ-डाळ-पीठ-कुकर हा संसार वेगळाच. त्यामुळे "आम्ही कमी सामान नेतो" असं म्हणून टेअरवर गाडी निवडू नका.

आता टो बॉलचं, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर व्हॅन अडकवतात त्याच्यावरचं वजन, ज्याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. व्हॅन स्थिर चालायची तर तिच्या भरलेल्या वजनाच्या साधारण १० टक्के वजन या बॉलवर यावं लागतं, म्हणजे ३ टनाच्या व्हॅनचे ३०० किलो तुमच्या गाडीच्या पाठीवर बसणार, आणि ते गाडीच्या पेलोडमधूनच, म्हणजे गाडीत जे वजन भरता येतं त्यातूनच वजा होतात, वेगळे मिळत नाहीत. शिवाय ते मागच्या चाकांच्याही मागे लटकतात, त्यामुळे लहान मुलांच्या सी-सॉसारखं होतं, पुढची बाजू वर उचलली जाते. समजा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) २.८५ मीटर आणि बॉल मागच्या अ‍ॅक्सलपासून १.२ मीटर मागे आहे, तर ३०० किलोमुळे पुढच्या चाकांवरचे साधारण १२५ किलो कमी होतात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर ४२५ च्या आसपास वाढतात. म्हणून एकूण वजन बरोबर असूनही मागचा अ‍ॅक्सल ओव्हरलोड झालाय असं होऊ शकतं, त्या अ‍ॅक्सलची लिमिट हँडबुकमध्ये वेगळी दिलेली असते, ती नक्की बघा.

बॉलची लिमिट पण गाडीगणिक बदलते. मित्सुबिशीच्या शेवटच्या पिढीच्या ३.२ लिटर पजेरोचं उदाहरण घ्या. ती ३००० किलो ओढते असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे, पण २५०० च्या वर गेलात की बॉलवर फक्त १८० किलो चालतात, २५०० पर्यंत २५०. तीन टनाच्या व्हॅनला १८० म्हणजे सहा टक्के, इथे बनणाऱ्या जड व्हॅन तेवढ्यावर बसतच नाहीत. मजबूत गाडी आहे, सेकंडहँडमध्ये लोक आवडीनं घेतात, मलाही आवडते, पण तिला अडीच टन ओढणारीच गाडी समजून घ्या.

मग जीव्हीएम आणि जीसीएम. जीव्हीएम म्हणजे गाडी, माणसं, सामान आणि बॉलवरचं वजन मिळून जास्तीत जास्त किती. जीसीएम म्हणजे गाडी आणि व्हॅन दोन्ही मिळून किती. उदाहरण म्हणून २०२१ पासूनची नवी इसुझु एमयू-एक्स घ्या, ३ लिटर इंजिन, ओढायची क्षमता ३५०० किलो, जीव्हीएम २८००, जीसीएम ५९००. ५९०० मधून ३५०० गेले, उरले २४००, आणि वरच्या मॉडेलची रिकामी गाडीच २१७५ च्या आसपास आहे. म्हणजे माणसं, टो बार, बॅगा सगळं मिळून सव्वादोनशे किलो. नवरा-बायको, दोन मुलं आणि थोडं सामान, संपलं. आता तीच गाडी आणि अडीच टनाची व्हॅन घ्या. बॉलवर २५०, २८०० मधून २१७५ आणि २५० वजा केले की ३७५ उरतात. चौघांचं कुटुंब आरामात बसतं. पण पुण्याहून आई-बाबा आलेत आणि सहा जण निघालात, तर चार मोठे आणि दोन मुलं मिळून साडेतीनशेच्या जवळ जातात आणि टो बारच तीस-चाळीस किलोचा असतो, म्हणजे एक बॅग ठेवायलाही जागा नाही. आपल्याकडे सात सीटर घ्यायचं मुख्य कारण आई-बाबाच असतात, म्हणून हा हिशोब सहा माणसं धरूनच करा. ज्यांच्याकडे नेहमी सहा जण असतात त्यांनी व्हॅन दोन टनाच्या आसपासची बघावी असं मला मनापासून वाटतं, गाडी कुठलीही असो.

"मग टोयोटाची लँडक्रूझर घेतो" म्हणाल, तर तिचंही गणित मांडू. तिच्या आधीच्या पिढीची, म्हणजे २०० सिरीजची जीव्हीएम ३३५० आणि जीसीएम ६८५०, म्हणजे गाडी पूर्ण भरून वर ३५०० ओढू शकते, हे फार मोठं सुख आहे, सगळ्यांकडे नसतं. पण रिकामी गाडीच २७०० च्या वर आहे, त्यामुळे पेलोड साधारण सहाशे किलो, त्यातून बॉलचे ३५० गेले की अडीचशे. बुलबार, विंच, रूफ रॅक, डबल बॅटरी लावून सजवलेली सेकंडहँड २०० सिरीज बघायला छान वाटते पण तिच्यात चार माणसं बसली की ती कायदेशीर राहत नाही असं सहज होतं. नंतरच्या ३०० सिरीजची जीव्हीएम ३२८० आणि जीसीएम ६७५०, गणित तसंच. जीव्हीएम अपग्रेड किट मिळतात, नवी गाडी घेत असाल तर पहिल्या रजिस्ट्रेशनच्या आधीच करून घ्या, ते सोपं पडतं, पण एक लक्षात ठेवा की जीव्हीएम वाढली म्हणजे जीसीएम वाढलीच असं नाही, कागदावर दोन्ही आकडे लेखी मागा.

कायद्यापलीकडचं एक बघा. भरलेली व्हॅन गाडीपेक्षा जड असेल तर कागदावर सगळं बरोबर असूनही मोठा ट्रक बाजूनं गेला की व्हॅन गाडीला हलवायला लागते. त्यामुळे व्हॅनचं वजन भरलेल्या गाडीपेक्षा कमीच ठेवा, पहिल्यांदा ओढणाऱ्यांनी ८०-८५ टक्क्यांच्या आत ठेवलं तर फार बरं. आणि व्हॅन डोलायला लागलीच तर गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टेअरिंग फिरवू नका, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा आणि कंट्रोलरवरून (व्हॅनचे इलेक्ट्रिक ब्रेक चालवणारं गाडीतलं यंत्र) फक्त व्हॅनचे ब्रेक लावा. हे घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं.

इंजिनाबद्दल. डिझेल घ्यायचं ते टॉर्कसाठी, कमी आरपीएमवर मिळणाऱ्या ओढीसाठी, आणि लांब रस्त्यावर पेट्रोलपेक्षा कमी पितं म्हणून. एमयू-एक्सला ४५० न्यूटन मीटर, टोयोटा प्राडोच्या २.८ लिटरला ५००, फोर्ड एव्हरेस्टच्या ३ लिटर व्ही६ ला ६००, २०० सिरीजच्या व्ही८ ला ६५० आणि ३०० सिरीजला ७००. सपाट ह्यूम हायवेवर यातली कुठलीही चालते. फरक कळतो तो ब्लू माउंटन्समधला माउंट व्हिक्टोरिया किंवा टूवूंबाच्या घाटात, कारण तिथे चार सिलिंडरवाली गाडी व्हॅन घेऊन चढते पण ओरडत चढते, आणि गिअरबॉक्स तापतो. माझं मत विचाराल तर दोन-सव्वादोन टनापर्यंत एमयू-एक्स, पजेरो स्पोर्ट, जुनी १५० सिरीज प्राडो या पुरेशा आहेत, उगीच जास्त पैसे घालू नका. अडीच टन आणि सात सीट पाहिजे तर एव्हरेस्ट व्ही६ चालवून बघाच. पावणेतीनच्या वर लँडक्रूझरशिवाय मला तरी निवांत वाटत नाही. २०२४ च्या अखेरीस आलेली नवी २५० सिरीज प्राडो ३५०० ओढते खरी पण इंजिन तेच ५०० न्यूटन मीटरचं आहे हे ध्यानात असू द्या.

चढावर टो मोड असेल तर लावा, नसेल तर मॅन्युअलमध्ये टाकून गिअर धरून ठेवा, गिअरबॉक्सला सारखं वरखाली करू देऊ नका. उतारावर आधीच खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. अ‍ॅडलेडमध्ये शिरताना क्रॅफर्सकडून खाली येणारा साउथ ईस्टर्न फ्रीवेचा उतार ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

डीपीएफ पण विचारात घ्या. नवीन डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो जळून साफ व्हायला गाडी नीट तापून सलग चालावी लागते. वर्षातून तीन-चार वेळा व्हॅन ओढायची आणि बाकी दिवस घर ते स्टेशन किंवा मुलांची शाळा एवढंच फिरवायचं असेल तर फिल्टर तुंबतो. दर एक-दोन आठवड्यांनी अर्धा तास हायवेवर चालवायची तयारी असेल तरच डिझेल घ्या.

फोर व्हील ड्राइव्ह कशाला, असं विचारणारे विचारतात आणि प्रश्न योग्य आहे, कारण नव्वद टक्के ओढणं डांबरीवरच होतं. ती लागते ओल्या गवतावरच्या कॅम्पसाइटमधून निघताना, खडीच्या रस्त्यावर आणि चढावर व्हॅन रिव्हर्स करताना, तेव्हा लो रेंज, म्हणजे फोर व्हीलचे जास्त ताकदीचे हळू गिअर, खरंच वरदान आहे, गाडी हळू आणि हुकमात चालते. प्राडो आणि लँडक्रूझर कायम फोर व्हीलमध्ये असतात, एव्हरेस्ट व्ही६ ला ऑटो मोड आहे, पजेरो आणि पजेरो स्पोर्टला सुपर सिलेक्ट असल्यामुळे फोर हाय डांबरीवर चालतं. एमयू-एक्स पार्ट टाइम आहे, म्हणजे फोर व्हील फक्त निसरड्या जागी वापरायची, कोरड्या डांबरीवर ती टू व्हीलमध्येच चालवायची. पावसात ओल्या रस्त्यावर व्हॅन ओढताना हा फरक जाणवतो, म्हणून पैसे जमत असतील तर कायम फोर व्हील किंवा ऑटोवाली घ्या.

डिझेलची टाकी किती ते बघायला विसरू नका. उंच व्हॅन मागे लावली की १०० किलोमीटरला १५ ते २० लिटर सहज जातात, समोरून वारा असला तर आणखी. एमयू-एक्स आणि एव्हरेस्टची टाकी ८० लिटरची, म्हणजे १८ लिटरनं धरलं तर ४४० किलोमीटर, थोडं राखून ३८०. १५० सिरीजच्या बहुतेक प्राडोंना दोन टाक्या मिळून १५० लिटर असतात, २०० सिरीजला १३८, ३०० सिरीजला ११०. नलारबॉरला एअर हायवेवर दोन रोडहाउसमधलं अंतर २०० च्या आत आहे, स्टुअर्ट हायवेवर ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी २५० च्या थोडं वर, त्यामुळे ८० लिटर पुरते, पण एखादा पंप बंद निघाला तर मोठ्या टाकीवाला शांत असतो.

व्हॅन दोन टनाच्या वर असेल तर तिच्या सगळ्या चाकांना ब्रेक आणि सुटून गेल्यास आपोआप लागणारी ब्रेकअवे सिस्टीम कायद्यानं लागते, आणि इलेक्ट्रिक ब्रेक असले की गाडीत कंट्रोलर हवाच, त्याचा खर्च गाडीच्या किमतीत धरा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ओढताना १०० च्या वर जाता येत नाही, न्यू साउथ वेल्समध्ये जीसीएम साडेचार टनाच्या वर असेल तर तसंच.

सेकंडहँड बघत असाल तर गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं त्याचं बिल मागा, फक्त सर्व्हिस बुकवरचा शिक्का नको. टो बारवरची प्लेट वाचा, त्यावरचा आकडा गाडीच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर कमीच धरायचा. मागच्या स्प्रिंगमध्ये आधाराला हवेच्या पिशव्या (एअरबॅग) घातल्या असतील तर आधीचा मालक जड ओढत होता असं समजून चासी नीट तपासून घ्या. आणि गाडी घेतल्यावर पहिल्या सुट्टीला निघायच्या आधी घरातले सगळे जण, सगळं सामान, पाणी भरलेली व्हॅन असं सगळं घेऊन पब्लिक वेब्रिजवर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) जा, आधी पूर्ण जोडीचं वजन करा, मग फक्त गाडीची चाकं वर ठेवून व्हॅन जोडलेली असताना, मग मागचा अ‍ॅक्सल एकटा, मग व्हॅन सोडवून दोन्ही वेगळी. चिठ्ठ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. वजन जास्त भरलं तर आधी पाण्याची एक टाकी रिकामी करा आणि परत वजन करा, कारण अपघात झाला आणि ओव्हरलोड निघालं तर इन्शुरन्स कंपनी क्लेम नाकारू शकते.