सुबाभळीचा खुंट परत फुटतोय? तणनाशक घ्यायच्या आधी हे वाचा

झाड तोडलं आणि खुंटाला परत धुमारे फुटायला लागले की आपल्या नागपुरात माणूस सरळ कृषी केंद्र गाठतो आणि म्हणतो, भाऊ झाड जाळायचं औषध द्या. असं करू नका, काहून की जे हातात येईल त्याने खुंट मरेलच असं नाही, पण शेजाऱ्याचा कढीपत्ता, अंगणातली विहीर नाहीतर घरातलं लेकरू यांच्यावर मात्र बेतू शकतं.

आधी बघा की औषध लागतंच का. नारळ, ताड, बॉटल पाम यांचा खुंट परत फुटत नाही, आपोआप सडतो, त्यावर एक थेंबही घालू नका. सुबाभूळ, निलगिरी, कडुनिंब, सिसम, पिंपळ हे मात्र चिवट. खुंट लहान असेल तर सब्बल-कुदळीने खोदून मुळासकट काढा. मोठा असेल आणि घाई नसेल तर धुमारे कोवळे असतानाच मोडत राहा, पानंच राहिली नाहीत तर मुळातला साठा संपतो आणि खुंट मरतो, महिनोन्महिने लागतात पण विष नाही. विहीर, बोअर किंवा नाला जवळ असेल तर मी हाच रस्ता सांगेन, दुसरा नाही.

आणि परवानगी. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, त्यासाठी मनपाच्या उद्यान विभागात अर्ज करायचा. त्या कायद्यात तोडणं म्हणजे फक्त कुऱ्हाड नाही, जाळणं आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं पण त्यातच येतं, म्हणजे उभ्या झाडाला भोक पाडून औषध ओतलं तरी तो गुन्हाच. तोडायच्या परवानगीचा कागद जपून ठेवा.

आता औषधाचं. खुंटासाठी कामाचं तणनाशक म्हणजे ग्लायफोसेट, कारण ते वरून लावलं तरी झाडाच्या आतून मुळापर्यंत उतरतं आणि मातीला घट्ट चिकटतं म्हणून फार पसरत नाही. पण २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते बहुधा कर्करोगकारक या गटात टाकलं, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं मत वेगळं आहे, वाद चालूच आहे. आपल्याकडे केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं. म्हणून बाटली स्वतः आणू नका, लायसन्सवाला ऑपरेटर बोलवा, लायसन्स बघा, पावती घ्या.

टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक स्वस्त मिळतं, पण कापूस त्याला भयंकर नाजूक आहे, त्याच्या एस्टर प्रकाराची वाफ उडून बाजूच्या वावरातली पऱ्हाटी वाकडीतिकडी होते, पानं बेडकाच्या पायासारखी चिरतात. शहराला लागून कपाशी असेल तर त्याचा विचारच सोडा. पॅराक्वाटला तर हातच लावू नका. ते जिथे लागेल तेवढंच जाळतं, मुळात उतरत नाही म्हणून खुंटाला निरुपयोगी, आणि पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. परदेशी व्हिडिओत पिक्लोरॅम, इमॅझापायर दाखवतात, ते जमिनीत महिनोन्महिने टिकतात आणि बाजूच्या झाडांनाही मारू शकतात. मीठ, ॲसिड, जळालेलं ऑइल, भिंतीतल्या पिंपळाला हिंग, हे सगळं सोडून द्या, मिठाने तर खुंटाच्या आधी माती मरते.

ऑपरेटर आला की उभं राहून बघा, कारण सगळा खेळ पहिल्या काही मिनिटांचा आहे. खुंट जमिनीलगत आडवा सपाट कापायचा, भुसा झटकायचा आणि पाच-दहा मिनिटांत औषध लावायचं, उशीर झाला की काप वाळतो आणि औषध आत शिरत नाही. कापलेल्या तोंडाकडे नीट बघा, मधला भाग गडद आणि कोरडा दिसतो आणि सालीच्या अगदी आतून एक ओलसर फिकट रिंग जाते, जिवंत भाग तोच, ब्रश तिथेच फिरवायचा. मधल्या लाकडावर ओतून काही होत नाही, नुसतं खाली वाहतं. जुना वाळलेला खुंट असेल तर थोडा खाली ताजा काप घ्यायलाच लागतो. फवारणी पंप नकोच, ब्रशने कमी औषध लागतं आणि वाऱ्याने उडत नाही. प्रमाण लेबलवर जे असेल तेच, जास्त टाकून लवकर मरत नाही.

वेळ म्हणाल तर पावसाळा सरल्यानंतर थंडीपर्यंत बरी. चैत्रात पालवी फुटताना रस वर चढत असतो, औषध खाली उतरत नाही, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत झाड स्वतःच गप्प बसलेलं असतं. पुढचा एक दिवस पाऊस नको. एक मोठा धोका असा की बाजूला त्याच जातीचं झाड असेल तर दोघांची मुळं जमिनीत जुळलेली असू शकतात आणि औषध त्याच्यातही जातं, म्हणजे वाचवायचा कडुनिंब शेजारी उभा असेल तर कडुनिंबाच्या खुंटाला औषध नकोच.

२०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, ती कीटकनाशकं होती, पण उघड्या अंगाने औषध हाताळणं तसंच सर्रास आहे. ऑपरेटरच्या माणसाला रबरी ग्लोव्हज, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट नसेल तर काम सुरूच करू देऊ नका. उरलेलं औषध बिसलेरीच्या बाटलीत तर अजिबात ठेवू द्यायचं नाही, त्यालाच परत न्यायला लावा. अंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पोटात गेलं तर उलटी काढत बसू नका, १०८ लावा आणि बाटलीचं लेबल सोबत घेऊन मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा.

दोनेक महिन्यांनी खुंटाच्या बुडाशी बघा, एखादा धुमारा आलाच तर मोडून टाका, आणि परत परत येत असेल तर त्याच ऑपरेटरला बोलवून ताजा काप घेऊन पुन्हा लावायला सांगा.